इंदूरला रक्त मागायला

इंदूरला लोक खायला जातात आणि परत आल्यावर आठवडाभर तिथल्या पोह्यांबद्दल बोलून आपलं डोकं उठवतात. मी रक्त मागायला गेले होते. तेही परक्याचं नव्हे. सख्ख्या मामाचं, मामेभावाचं आणि जमलंच तर त्याच्या मुलीचं. पोहेही खाल्ले, त्यांच्याबद्दल सांगेन, पण आधी रक्ताचं सांगते.

माझं आजोळ इंदूरचं. आई तिथून लग्न होऊन सांगलीला आली आणि सेहेचाळिसाव्या वर्षी गेली. ‘पोटाचं दुखणं’ एवढंच मला सांगितलं. मला चव्वेचाळिसाव्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, गळलेले केस, सगळं यथासांग पार पडलं, मी वाचले आणि पुन्हा शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवायला लागले. पुढे पुण्यातल्या आमच्या डॉक्टरबाईंनी जनुकांची तपासणी केली आणि सांगितलं, हे तुमच्या खाण्यापिण्याचं फळ नाही, हा दोष तुम्हाला आईकडून आलाय. ज्याच्यात तो असतो, त्याच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. माझा मुलगा तपासला, त्याच्यात निघाला नाही. त्या दिवशी मी पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी मला आठवलं, की आईला एक भाऊ आहे.

एका लशीबद्दलही मला डॉक्टरबाईंनीच सांगितलं. कॅन्सर झाल्यावर द्यायचं औषध नव्हे. ज्यांच्यात असा दोष आहे पण आजार अजून झालेला नाही, अशांना आधीच टोचायची लस. जगात काही ठिकाणी तिच्या सुरुवातीच्या चाचण्या चालू आहेत.

“येईल का, कधी येईल, हे मी सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “खोटी आशा लावणं मला जमत नाही. पण उद्या आपल्याकडे चाचणी निघाली, तर आपल्यात दोष आहे हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच तिच्यात घेता येईल. आणि लस येवो न येवो, दोष कळला की ठरावीक काळाने दुर्बीण घालून आतडं बघता येतं. ते तर आजच करता येतं. घराण्याची माहिती आणा.”

आता घराण्याची माहिती म्हटल्यावर मराठी माणूस काय करतो? कुलवृत्तांत काढतो. आजोळचा जाडजूड, कापडी बांधणीचा कुलवृत्तांत आईच्या पेटीत होता. मी छाती फुगवून तो डॉक्टरबाईंपुढे ठेवला. मूळ गाव, कुलदैवत, चौदा पिढ्या, होळकरांच्या दरबारात कोणाला कुठली कामगिरी मिळाली, सगळं त्यात आहे. बाईंनी पंधरा मिनिटं चाळला आणि मिटला.

“वसुधाताई, यात बायका कुठे आहेत?”

खरंच नव्हत्या. प्रत्येक पुरुषाखाली मुलग्यांची नावं, शिक्षण, हुद्दे. आणि शेवटी एक ओळ, ‘कन्या एक, विवाहित’. नाव नाही, पुढे तिचं काय झालं ते नाही. माझी आई त्या पुस्तकात नुसता एक आकडा होती. पुरुषांच्या मरणाचं कारणही ठरलेलं, ‘अल्पशा आजाराने’. माझ्या आजोबांचंही तेच. ऐन चाळिशीत माणूस जातो आणि आजार म्हणे अल्पसा! मला इतका संताप आला, की दवाखान्यातून निघाले ती इंदूरचं तिकीट काढूनच घरी आले.

पोलोग्राउंड

गाडीत काय झालं ते सांगत नाही. काही झालं नाही. स्टेशनवर हेमंतदादा आला होता. हा माझा मामेभाऊ, चोपन्न वर्षांचा. पोलोग्राउंडला त्याचा लेथ मशीनचा छोटा कारखाना आहे. घरी न्यायच्या आधी त्याने मला तिकडेच नेलं, कारण कोपऱ्यावरचे पोहे.

आमच्याकडे पोहे कढईत परतून झाकण ठेवतात, वर ओलं खोबरं. इथे ते वाफेवर बसलेले असतात, पिवळेधमक, किंचित गोड, मध्येच बडीशेप लागते, आणि वर मूठभर शेव, कांदा आणि जिरावण नावाची मसाल्याची भुकटी. गोड पोहे म्हणजे काहीतरीच, असं मी पहिल्या घासाला म्हणाले आणि तिसऱ्या घासाला गप्प झाले.

“हेमंतदादा, मी कशासाठी आलेय ते तुला फोनवर सांगितलं होतं,” मी म्हटलं.

“हो ना. अरे भिया, इधर दो जलेबी लगाना, गरम वाली!”

इंदुरात अप्रिय विषय निघाला की समोर प्लेट येते, हे मला लवकरच कळलं. मी ‘तपासणी’ म्हटलं की जलेबी, ‘कॅन्सर’ म्हटलं की कचोरी. शेवटी मी त्याच्या हातातली कचोरीच काढून घेतली.

“देख वसू, मी एकदम फिट आहे,” तो म्हणाला. “रोज सकाळी घूमने जातो. इथे आमच्यात कोणालाच काही नाही. आत्याची बात अलग होती. ती तिकडे गेली ना सांगलीला, तिला तिथलं पाणी सूट नाही झालं.”

इंदूरच्या लेखी माझ्या आईला सांगलीचं पाणी बाधलं होतं. आणि सांगलीत माझी आजी, आईची सासू, शेवटपर्यंत म्हणायची, की माहेरच्या तळकटाने पोरीच्या पोटाचा सत्यानाश केला. दोन गावांनी तीस-पस्तीस वर्षं एकमेकांवर ढकललं आणि खरं काय ते कोणीच विचारलं नाही. रस्त्यावर उभं राहून मी हेमंतदादाला हे मोठ्या आवाजात सांगितलं. पोहेवालाही ऐकत होता.

राजेंद्र नगर

मामाचं घर राजेंद्र नगरात, दुमजली, पुढे कुंड्या. नानामामा ब्याऐंशी वर्षांचे. कोर्टाच्या कचेरीत नकल शाखेत त्यांची सगळी नोकरी गेली. मूळ कागदावरून केलेली प्रत मुळाशी ताडून बघायची आणि बिनचूक असेल तरच शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन दोन तपं झाली तरी वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनाने दुरुस्त करतात. मी विषय काढल्यावर ते एवढंच म्हणाले, “आपल्या खानदानात असं काही नाही. पुस्तक बघ,” आणि त्याच कुलवृत्तांताची आपली प्रत माझ्या हातात ठेवून आत गेले.

हेमंतदादाची बायको स्मितावहिनी जास्त स्पष्ट बोलली. पोळ्या लाटता लाटता तिने मला सगळं चित्र दिलं. मुलगी केतकी, पंचवीस वर्षांची, एका कंपनीत कंप्युटरवर काम करते. देवासचं स्थळ जमलंय, मराठीच आहेत, पुढच्या महिन्यात सगाई.

“ताई, तुम्ही घरच्या आहात म्हणून साफ बोलते. अभी ही बात काढायचीच नाही. मुलीचं लग्न होऊ द्या, मग करू ना टेस्ट-वेस्ट.”

“मग म्हणजे कधी, वहिनी?”

“झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई.”

“माझ्या आईचीही झाकलेलीच होती. सेहेचाळिसाव्या वर्षी गेली.”

वहिनीने लाटणं खाली ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती हटली नाही. तिचं सगळंच चूक होतं असं मला म्हणवत नाही. लग्नाच्या बाजारात चष्म्याचा नंबर विचारणारे लोक रक्तात काय आहे ऐकून काय करतील, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण त्या भीतीपायी पोरीचा जीव जाणार असेल, तर मी गप्प बसणार नव्हते.

केतकी संध्याकाळी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला आली, तेव्हा आपणहूनच बोलली. “आत्या, मला सगळं मालूम आहे. तुमचा फोन आल्यावर मी बसून पूरं वाचलं. पण मी काही बोलली की मम्मी रडायला लागते.” मग कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने विचारलं, “दुखलं होतं का तुम्हाला? खूप?”

मी खोटं बोलले नाही. हो म्हणाले.

राजवाडा

दुसऱ्या दिवशी वहिनीकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. सकाळी सामान आणायला मी आणि हेमंतदादा राजवाड्याला गेलो. होळकरांच्या त्या जुन्या वाड्याच्या सात मजली दरवाज्यासमोर रिक्षा, स्कूटर, हातगाड्या आणि माणसं यांचा जो गोंधळ असतो, त्यात चालायचं म्हणजे अंगात धाडस हवं. पण रस्ता मात्र स्वच्छ. पानवाल्यानेसुद्धा टोपली ठेवलेली. हेमंतदादाने चालता चालता एका माणसाला कागद टाकताना पकडलं आणि उचलायला लावलं.

“शहरातला कचरा तुम्ही रोज वेगळा करून देता,” मी म्हटलं, “आणि घरातलं दुखणं मात्र गादीखाली सारता.”

हे त्याला लागलं. शिकंजीच्या दुकानात बसलो. शिकंजी म्हणजे लिंबू-पाणी असं मी समजत होते, इथे ते आटवलेल्या दुधाचं दाट, केशरी प्रकरण निघालं. ग्लास अर्धा झाल्यावर तो म्हणाला, “वसू, दोन महिने झाले. कभी-कभी रक्त पडतं. मूळव्याध असेल म्हणून मी कोणाला बोललो नाही.”

मला त्याला तिथेच चार शब्द सुनवायचे होते, पण त्याचा चेहरा बघून मी नुसता त्याचा हात धरला.

“बुलव तुझ्या टेस्टवाल्याला,” तो म्हणाला. “पण स्मिताला समजायला नको. बायका गेल्या की ती आवराआवरीत बिझी असते. मागच्या खोलीत करून टाकू.”

आणि मी, लपवाछपवीवर दोन दिवस भाषणं देणारी बाई, या लपवाछपवीला हो म्हणाले. सांगलीत चैत्रातलं हळदीकुंकू चारला सुरू होऊन सहाला आटोपतं, म्हणून मी रक्त घेणाऱ्या माणसाला साडेसहाची वेळ दिली. इंदुरात चैत्राच्या उन्हात सहाच्या आधी एकही बाई घराबाहेर पाऊल टाकत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

साडेसहा

साडेसहाला दिवाणखाना गच्च भरला होता. झोपाळ्यावर चैत्रगौर, पुढे कलिंगडाची कमळं, भिजवलेले हरभरे, पन्हं, कैरीची डाळ. त्या डाळीवरही बायका शेव घालून घेत होत्या. या गावापुढे हात टेकले. कोचावर मधोमध देवासच्या होणाऱ्या विहीणबाई बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी माई, म्हणजे नानामामांची आतेबहीण, एकोणऐंशी वर्षांची, कान अजून तिखट.

बेल वाजली. वहिनीने दार उघडलं. खांद्याला पेटी अडकवलेला माणूस चपला काढून सरळ आत आला आणि कागद वाचू लागला.

“हेमंतजी कौन हैं? ब्लड सैंपल है।”

“बीपीवाले आहेत,” वहिनी घाईने बायकांकडे वळून म्हणाली.

“बीपी नहीं मैडम, कैंसर की जेनेटिक जाँच,” तो प्रामाणिकपणे म्हणाला.

विहीणबाईंचा पन्ह्याचा पेला ओठांपर्यंत जाऊन थांबला. वहिनीने माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. पण मग वाटलं, आता झाकायला उरलंय काय? मी उभी राहिले आणि म्हणाले, “हो. मला झाला होता. माझी आई त्यातच गेली. आमच्या घराण्यात आहे.”

“माझी आई पण त्यातच गेली,” माई म्हणाल्या. त्यांनी हरभरे खात खात सांगितलं, जणू पावसापाण्याचं बोलत होत्या. “पोटात गाठ होती. तिच्या आईच्या वेळचं मला नाही मालूम, पण माझी थोरली बहीण पण. आम्हाला कोणी विचारलंच नाही ना, म्हणून आम्ही बोललो नाही.”

आतल्या खोलीचा पडदा हलला. नानामामा दारात उभे होते. माईंची आई म्हणजे त्यांची सख्खी आत्या, पुस्तकातली ‘कन्या एक, विवाहित’. त्यांनी विचारलं, “वसू, हे नक्की काय असतं? नीट सांग. घाई नको करू.”

मी शाळेत सांगते तसं सांगितलं. “नानामामा, शरीरात नवी पेशी होते तेव्हा जुनीतल्या मजकुराची नक्कल होते. नकलेत चुका होतात, सगळ्यांच्याच होतात. त्या शोधून दुरुस्त करणारा एक कारकून आत असतो. आपल्या घराण्यात तो कामचुकार निघालाय. चुका साचतात आणि गाठ होते.”

“आणि ती लस?”

“या चुका वाटेल तशा नसतात. वेगवेगळ्या माणसांतही बऱ्याचदा त्याच जागी, त्याच पद्धतीच्या होतात. म्हणून शरीराला त्या आधीच दाखवून ठेवता येतील का, ते बघतायत. तसली पेशी दिसली की ओळखायची आणि संपवायची.”

नानामामा हळूच खुर्चीत बसले. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “एका नकलनविसाच्या चुका एकसारख्याच असतात. आमच्याकडे एक जण होता, दर वेळेला तारखेतच घसरायचा. त्याचा कागद आला की मी पहले तारीख बघायचो. पूरा कागद वाचायचं काम नाही.” मग ते त्या पेटीवाल्याकडे वळले आणि बाही वर केली. “पहले मेरा लो।”

“बाबा, तुमचं कशाला?” मागच्या खोलीतून येत हेमंतदादा म्हणाला.

“मी साफ निघालो तर तू सुटलास, केतू सुटली. आधी मूळ कागद तपासायचा असतो. एवढंही शिकवलं नाही का मी तुला?”

सगळ्या बायकांदेखत, चैत्रगौरीपुढे, नानामामांनी रक्त दिलं. त्यांच्या पाठोपाठ हेमंतदादाने दिलं आणि तिथेच वहिनीला ते दोन महिन्यांचं सांगून टाकलं. त्या माणसाला कैरीची डाळ आणि पन्हं देऊन पाठवलं. विहीणबाई ओटी घेऊन उठल्या, “येते,” म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकी पुण्याच्या डॉक्टरबाईंशी फोनवर तासभर बोलली, त्याच पेटीवाल्याला बोलावलं आणि तिनेही हात पुढे केला. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. निघताना माझ्याशी एक शब्द बोलली नाही, पण गाडीत बसल्यावर पिशवी उघडली तर शेवेचा पुडा आणि जिरावणाची बरणी होती. मी रतलाम येईपर्यंत रडत होते.

सांगली

महिनाभराने निकाल आले. नानामामांमध्ये दोष आहे. ब्याऐंशी वर्षं त्याने त्यांना हातही लावला नाही, त्याला नशीब म्हणायचं. हेमंतदादात आहे. त्याच्या आतड्यात दोन गाठी निघाल्या, दुर्बिणीतूनच काढल्या. डॉक्टर म्हणाले, अजून दोन-चार वर्षं मूळव्याध मूळव्याध करत बसला असता तर काही सांगता आलं नसतं. आणि केतकीतही आहे.

परवा तिचा फोन आला. “आत्या, देवासवाले ‘नाही’ असं नाही बोलले. ते बोलले, आम्हाला चालेल. पण ही बात घरातच ठेवायची, आणि दरवर्षी हॉस्पिटलला जायचं ते शादीनंतर बंद. लोक बघतात.”

“मग तू काय म्हणालीस?”

“मी बोलली, नाही.” आणि ती रडायला लागली. तिला तो मुलगा आवडला होता. सगळं तुटलं त्यात माझ्या साडेसहाचाही हात होता, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “सातला कळलं असतं तरी तेच झालं असतं, आत्या.”

मग वहिनीने फोन घेतला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच ती माझ्याशी बोलत होती.

“ताई, केतूचा दुर्बिणीचा नंबर मंगळवारी लागलाय. मी जातेय सोबत. कॉलनीत विचारलं तर सगळ्यांना सांगून जातेय, कुठे चाललोय ते. आणि ऐका, ती लस निघाली की पहिला नंबर आमच्या केतूचा लिहायचा.”

मी समजवायला गेले, की वहिनी, तसा नंबर नसतो. चाचणीत काहींना खरी लस देतात, काहींना नुसतं पाणी. वर्षं लागतील. कदाचित ती चालणारही नाही.

“नाही चालली तर नाही चालली,” वहिनी म्हणाली. “ते सायन्स तुम्ही बघा. पण दार उघडेल तेव्हा माझी मुलगी दारात उभी पाहिजे. घरात लपून बसलेली नाही. नाव लिहा.”

मी त्याच संध्याकाळी डॉक्टरबाईंना नाव कळवलं.